उसाचा सभासद आणि द्राक्षाचा करारदार : महाराष्ट्रातील कौटुंबिक वाइन उद्योगाची वाटचाल (१९८२ ते २०२२)

प्रस्तावना :

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह परिचित आहे. निजाम सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या उत्पन्नात अबकारीचा वाटा मोठा होता. हे उत्पन्न मुख्यतः शिंदी, ताडी व मोहाच्या दारूवर उभे होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने १९४७ मध्ये लढ्याला अखेरचे वळण दिले, तेव्हा गावोगावच्या तरुणांनी रात्रीतून शिंदीची बने आडवी केली. दारू म्हणजे सरकारचा महसूल आणि रयतेची नागवण हे समीकरण नांदेड-लातूरकडच्या जुन्या पिढीच्या मनात घट्ट बसले ते तेव्हापासून. अशा प्रदेशातील इतिहासाच्या अध्यापकाने वाइन उद्योगाच्या इतिहासाकडे वळावे, हे काहींना विचित्र वाटेल.

परंतु २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट व मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि हा विषय मराठवाड्याच्याही दारात आला. 'वाइन म्हणजे दारू नव्हे, ते शेतकऱ्याच्या द्राक्षाचे उत्पादन आहे', असे निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे होते. विरोधकांनी नशाबंदीची बाजू मांडली. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव वारंवार घेतले. मात्र वाइनरी आणि द्राक्ष पिकविणारा शेतकरी यांचे नाते आजवर कसे राहिले आहे, हे कोणी फारसे तपासले नाही. प्रस्तुत लेखात नारायणगावची शॅटो इंडाज आणि नाशिकची सुला या दोन कौटुंबिक वाइनरींच्या वाटचालीतून ते नाते पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका :

महाराष्ट्रात वाइनची परंपरा प्राचीन असल्याचे उद्योगाच्या प्रचारसाहित्यात आवर्जून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या अर्थाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नोंदवहीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या वाइनचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात पैठण व तगर या अंतर्भागातील बाजारपेठा नमूद आहेत. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील वस्तू पाहिल्या की रोमशी असलेला हा व्यापार किती जिवंत होता हे ध्यानात येते. नारायणगाव ज्या जुन्नर तालुक्यात आहे तेथील लेण्यांतही यवन दात्यांचे शिलालेख आहेत. म्हणजे वाइन येथे येत होती, ती आयात माल म्हणून. येथे ती नियमित तयार होत असे, असे यावरून सिद्ध होत नाही.

द्राक्षाची गोष्ट निराळी. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे लिहून ठेवले आहे. आजही दख्खनच्या वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. थंडीत वेल झोपी जाण्याची सोय येथील हवामानात नसल्याने ही दुहेरी छाटणी करावीच लागते. फरक एवढाच की आता बागाईतदार एकच बहार घेतो. पुढे आसफजाही काळात हैदराबादच्या परिसरात 'अनाब-ए-शाही' ही जात नावारूपास आली. मराठवाडा त्याच संस्थानात असल्याने ती येथेही परिचित झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात द्राक्षशेतीचा जो विस्तार झाला त्याचे श्रेय विद्यापीठांइतकेच शेतकऱ्यांनाही द्यावे लागते. थॉमसन सीडलेस या परदेशी जातीतून निवड करून सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' या जाती प्रचारात आणल्या. निर्यातीसाठी १९९१ साली शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून 'महाग्रेप्स' उभी राहिली. म्हणजे खाण्याच्या द्राक्षात ज्ञान शेतकऱ्याचे होते आणि विक्रीची यंत्रणाही काही अंशी त्याचीच होती. वाइनच्या द्राक्षात मात्र चित्र पालटले. पिंपळगाव बसवंत येथे 'पिंपेन' या नावाने सहकारी तत्त्वावर फेसाळ वाइन करण्याचा प्रयत्न झाला खरा, परंतु पुढची दिशा ठरविली ती कुटुंबांनी.

नारायणगाव : शॅटो इंडाज

उद्योजक शामराव चौगुले यांनी १९८२ मध्ये फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शॅम्पेन निर्मात्या कंपनीच्या तंत्रज्ञांशी संपर्क साधला, तेव्हा भारतात उत्तम प्रतीची फेसाळ वाइन होऊ शकेल यावर विश्वास ठेवणारे थोडेच असावेत. फ्रान्सहून राफाएल ब्रिस्वा हा तरुण वाइनतज्ज्ञ येथे आला. पुणे–नाशिक मार्गावरील नारायणगावची जागा निवडण्यामागे सह्याद्रीच्या उताराची हवा, चुनखडीयुक्त जमीन आणि मुंबई-पुण्याचे सान्निध्य अशी कारणे होती. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची शॅम्पेनची पद्धत येथे वापरली गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यास 'ओमर खय्याम' या नावाने ही वाइन परदेशी बाजारात गेली. देशात तिची भावंडे 'मार्कीज द पाँपादूर' अशा नावांनी विकली गेली. भारतीय मालाला फारसी कवीचे नाव आणि भारतीय ग्राहकाला फ्रेंच राजदरबाराचे नाव, ही निवड त्या काळच्या बाजाराविषयी बरेच काही सांगते.

कंपनीचे नाव दीर्घकाळ 'शॅम्पेन इंडाज' असे होते. शॅम्पेन हे नाव त्याच नावाच्या फ्रेंच प्रांतातील वाइनसाठी राखीव असल्याचा आग्रह जगभर धरला जातो, हे लक्षात घेता हे नाव इतकी वर्षे टिकले हेच नवल. पुढे ते 'इंडाज व्हिंटनर्स' झाले.

चौगुले कुटुंबाचे ऐतिहासिक योगदान नि:संशय मोठे आहे. शार्दोने, पिनो न्वार यांसारख्या वाइनच्या जाती येथील मातीत रुजू शकतात हे त्यांनी दाखवून दिले. नंतरच्या वाइनरींना लागलेले कित्येक कुशल हात नारायणगावात तयार झाले. परंतु दुसऱ्या पिढीत, रणजित चौगुले यांच्या काळात, विस्ताराचा वेग बदलला. २००८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वाइनरी आणि ब्रिटनमधील वितरण कंपनी खरेदी करण्यात आली. हीच वेळ नेमकी जागतिक मंदीची होती. कर्ज वाढले, खेळते भांडवल आटले, द्राक्ष उत्पादकांची व कामगारांची देणी थकली आणि अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जाऊन कंपनी अवसायनात निघाली. पंचवीस-तीस वर्षांत उभे राहिलेले नाव दोन-तीन हंगामांत बाजारातून गेले.

कंपनी अवसायनात निघते तेव्हा देणेकऱ्यांची रांग कायद्याने ठरलेली असते. तारण असलेल्या बँका व कामगार पुढे, आणि उधारीवर माल देणारा मागे. द्राक्ष उत्पादक या मागच्या रांगेत असतो. त्याने जानेवारीत पाटीने भरून दिलेली द्राक्षे केव्हाच रस होऊन टाकीत गेलेली असतात. ती परत मागण्याची सोय नसते.

नाशिक : सुला

दुसरे कुटुंब सामंतांचे. राजीव सामंत हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून काही काळ तेथे ओरॅकल कंपनीत नोकरी केल्यानंतर १९९० च्या दशकात भारतात परतले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात कुटुंबाची सुमारे तीस एकर जमीन होती. तेथे त्यांनी प्रथम आंबा, गुलाब व खाण्याची द्राक्षे असे प्रयोग केले. एवढी द्राक्षे पिकणाऱ्या जिल्ह्यात वाइनची द्राक्षे का नसावीत, हा प्रश्न त्यांना पडला. कॅलिफोर्नियातील केरी डॅम्स्की या वाइनतज्ज्ञांच्या साहाय्याने १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड झाली. परवान्यासाठी सरकारदरबारी बराच काळ खेटे घालावे लागले. २००० साली पहिली वाइन बाजारात आली. आईच्या सुलभा या नावावरून वाइनरीचे नाव 'सुला' ठेवण्यात आले आणि बोधचिन्ह म्हणून मिशाळ सूर्य आला.

या नावाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. इंडाजच्या बाटलीवर परदेश होता, सुलाच्या बाटलीवर घर आले. नाशिकमध्येच गुरनानी कुटुंबाने पुढे 'यॉर्क' नावाची वाइनरी काढली. नाव ऐकून इंग्लंड आठवते, प्रत्यक्षात ती योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांची आद्याक्षरे आहेत. कुटुंबाचे नाव लावण्याने ग्राहकाच्या मनात एक विश्वास तयार होतो की येथे कोणी परके नाही. दुकानाला आईचे किंवा मुलांचे नाव देणारा आपल्याकडचा कापड दुकानदार हे पूर्वीपासून जाणतो.

सुलाचे वेगळेपण मद्यनिर्मितीच्या तंत्रापेक्षा बाजारपेठ घडविण्यात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इंडाजने परदेशी ग्राहक व पंचतारांकित हॉटेले यांच्यावर भिस्त ठेवली. सुलाने २००५ मध्ये वाइनरीतच चवकक्ष उघडून मुंबई-पुण्याचा मध्यमवर्ग नाशिकला आणला. ज्या घरांत मद्याचे नाव काढणे अवघड होते, त्या घरांतील तरुण जोडपी शनिवार-रविवारी द्राक्षमळा पाहावयास म्हणून येऊ लागली. २००८ पासून 'सुलाफेस्ट' हा संगीत महोत्सव सुरू झाला, पुढे निवासाची सोय झाली. तीर्थक्षेत्र नाशिकची ओळख वाइनचे शहर अशी होऊ लागली, ती या दशकात. आयात वाइनवरील १५० टक्के सीमाशुल्काची भिंतही पाठीशी होती. (२०२२ अखेर अंमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारापासून त्या देशातील महागड्या वाइनपुरती ती उतरू लागली आहे. ज्या देशातील वाइनरी घेण्याच्या नादात इंडाज खचली, त्याच देशाची वाइन आता येथे स्वस्त होत आहे.)

भांडवलाचा स्वभाव मात्र येथेही बदलला. बेल्जियमच्या व्हर्लइन्व्हेस्टसारख्या गुंतवणूकदारांनी भाग घेतले, २०२१ मध्ये यॉर्क सुलाच्या ताब्यात आली, आणि २२ डिसेंबर २०२२ रोजी सुला शेअर बाजारात नोंदविली गेली. त्यावेळची ९६० कोटी रुपयांची विक्री ही पूर्णतः जुन्या भागधारकांच्या समभागांची होती. त्यातून कंपनीत नवे भांडवल आले नाही. आईच्या नावाने सुरू झालेली वाइनरी अशा रीतीने पंचवीस वर्षांत सार्वजनिक कंपनी झाली. संस्थापक कुटुंबाकडे सुमारे पाव हिस्सा उरला होता.

धोरण, तेजी आणि २००९ :

या दोन वाइनरींच्या मधल्या काळात शासनाचे धोरण येते. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, वाइनरीला लघुउद्योगाचा दर्जा मिळाला. विंचूर येथे गोदावरी व पलूस येथे कृष्णा अशी वाइन पार्क स्थापन झाली. ज्या नद्यांच्या काठी साखर कारखान्यांची धुरांडी होती त्याच नद्यांची नावे वाइनला मिळाली. पाहता पाहता राज्यातील वाइनरींची संख्या पन्नाशीच्या पुढे गेली. त्यांतील अनेक मूळच्या द्राक्षबागाईतदारांनी कर्ज काढून उभारल्या होत्या. वाइन करता येणे आणि विकता येणे यांतील अंतर त्यांना टाक्या भरल्यावर उमगले.

नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ला, हॉटेलांचा थंडावलेला धंदा आणि मंदी यांचा परिणाम २००९ च्या हंगामात दिसला. टाक्या आधीच्या वर्षीच्या वाइनने भरलेल्या असल्यामुळे वाइनरींनी नवी द्राक्षे घेणे थांबविले किंवा दर पाडले. शासनाने विक्रीकराचा मोठा भाग परत देणारी योजना आणली, तिचा लाभ वाइनरींना झाला. शेतकऱ्यांनी मात्र बागांवर कुऱ्हाड चालविली.

बाग तोडणे हा येथे भावनेचा प्रश्न नव्हता. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे असते. ते मंडईत कोणी विकत घेत नाही, त्याचा बेदाणाही चांगला होत नाही. थॉमसनचा मणी निर्यातीला नापास झाला तर तो गावच्या बाजारात जातो, नाहीतर बेदाण्याच्या शेडमध्ये जातो. शिराझच्या घडाला एकच दार असते, ते म्हणजे वाइनरीचे. शिवाय साखर हवी तितकी भरावी म्हणून उत्पादन मुद्दाम मर्यादित ठेवावे लागते. डॉगरिजसारखा खुंट, त्यावरील कलम, तारा, ठिबक हा सारा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि वेल पंधरा-वीस वर्षे उभी राहते. वाइनरीचे धोरण दोन वर्षांत बदलू शकते, वेलीला तसे करता येत नाही.

सभासद आणि करारदार :

येथे आपल्या परिसरातील उसाशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही, आणि तो आवरूही नये. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी पुढे मांजरा खोऱ्यात आली. तिचे दोष मराठवाड्याला कोणी नव्याने सांगावयास नकोत. कारखाने घराण्यांच्या ताब्यात गेले, कित्येक आजारी पडून खाजगी मालकीत गेले, उसाची बिले वर्षानुवर्षे थकली. म्हणजे कागदावरचा सहकारही पुष्कळदा कौटुंबिकच निघाला.

तरीही एक भेद उरतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाला केंद्राने ठरविलेला किमान दर आहे, तो चौदा दिवसांत देण्याचे बंधन आहे, आणि न दिल्यास साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढू शकतात. ऊस उत्पादक सभासद असल्याने त्याला निदान मत आहे. सर्वसाधारण सभेत उठून ओरडण्याचा अधिकारही आहे, आणि तो क्षुल्लक मानू नये. वाइनच्या द्राक्षाला यांपैकी काहीच नाही. तेथे आहे तो करार. सुलाने भागविक्रीच्या वेळी दिलेल्या माहितीनुसार सुमारे अडीच हजार एकर लागवड तिच्याशी जोडलेली होती आणि शेतकऱ्यांशी बारा वर्षांपर्यंतचे करार होते. बारा वर्षांचा करार ही चांगली गोष्ट आहे. मंडईच्या लहरीवर जगणाऱ्या बागाईतदाराला त्याचे मोल कळते, आणि अशा करारांवर स्थिरावलेली कुटुंबे नाशिक-दिंडोरी भागात आहेत हे नाकारता येणार नाही. पण कराराची ताकद ही करार करणाऱ्या कंपनीच्या प्रकृतीइतकीच असते, हे नारायणगावने दाखविले आहे.

मराठवाड्याच्या बाजूने :

औसा तालुक्यात व शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत. प्रस्तुत लेखकाच्या आजोळीही दोन एकर थॉमसन होती. २०१२ ते २०१६ या दुष्काळी वर्षांत टँकरने पाणी घालून मामांनी ती तीन उन्हाळे जगविली आणि चौथ्या उन्हाळ्यात तोडली. मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आले तो एप्रिल २०१६ चा उन्हाळा. बागेच्या लोखंडी अँगल पुढे गोठ्याला लागल्या. पाऊस परतल्यावर त्या रानात ऊस उभा राहिला.

वाइनच्या द्राक्षाला पाणी बेताचेच लागते, किंबहुना थोडा ताण दिला तर मण्यात गुण उतरतो. ऊस पाण्याचा किती भुकेला आहे हे लातूरच्या शेतकऱ्याला माहीत नाही, असे कोणी समजू नये. गंगापूर धरणाच्या काठी वाइन आणि मांजऱ्याच्या काठी ऊस, ही विभागणी हवामानाने केलेली नाही. मुंबई नाशिकपासून चार तासांवर आहे आणि लातूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर, हे एक कारण झाले. वरच्या धरणांतून जायकवाडीत सोडावयाच्या पाण्याचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात गाजतो आहे, हे दुसरे. तिसऱ्या कारणाची चर्चा मात्र होत नाही. मामांना बाग तोडताना विचारले की परत पाणी आले तर कमी पाण्याचे काही का लावत नाही, तेव्हा त्यांनी कारखान्याच्या दिशेला बोट दाखविले आणि म्हणाले, "बिल उशिरा येईल, पण मागायला जागा हाय."